टीम, सोसायटी, घर सांभाळताना कॅप्टन पिकार्डच्या कोणत्या सवयी उचलाव्यात (आणि कोणत्या सोडून द्याव्यात)

जे लोक स्टार ट्रेकच्या वाटेला कधी गेलेच नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' ही अमेरिकन सिरीयल १९८७ ला सुरू झाली आणि १९९४ ला संपली, सात सीझन. काळ चोविसाव्या शतकातला, एंटरप्राईज नावाचं भलंमोठं अंतराळयान, त्यावर हजाराच्या वर माणसं, बायकापोरांसकट, आणि त्या सगळ्यांचा कॅप्टन म्हणजे जाँ-लूक पिकार्ड. टक्कल पडलेला, शिस्तीचा, अर्ल ग्रे चहा पिणारा, मूळचा फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यातला पण बोलतो अस्सल ब्रिटिश इंग्लिश, कारण काम केलंय पॅट्रिक स्टुअर्टने, जो त्याआधी शेक्सपिअरच्या नाटकांमधला नावाजलेला नट होता. सायन्स फिक्शन आवडत नसेल तरी पुढे वाचा, लेझर-बिझर फारसं काही येणार नाही.

हे लिहितेय ते अशा लोकांसाठी ज्यांच्याकडे अधिकार थोडा आणि जबाबदारी ढीगभर असते. टीम लीड, शाळेतले पर्यवेक्षक, सोसायटीचे सेक्रेटरी, गणपती मंडळाचा नवा अध्यक्ष, घरातल्या आजारपणाचं सगळं एकटीने बघणारी सून. मोठ्या कंपन्यांच्या साहेबलोकांसाठी पुस्तकं पुष्कळ आहेत, त्यांचं ते बघतील. आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, पिकार्डची भाषणं उचलू नका. ती ऐकायला भारी आहेत, क्लिप्सही फिरत असतात, पण सोमवारी सकाळी ऑफिसात कुणी तसं भाषण ठोकलं तर लोक टेबलाखाली मोबाईल काढतात. कामाच्या आहेत त्या त्याच्या बारीकसारीक सवयी. कसं विचारतो, कुणाला विचारतो, आणि पार मोडून पडल्यावर काय करतो.

मीटिंग कशी घ्यायची

यानात एक मीटिंग रूम आहे, लांबलचक टेबल, मागे मोठ्या खिडक्या, खिडक्यांबाहेर तारे. संकट आलं की पिकार्ड सगळ्या विभागप्रमुखांना तिथे बसवतो. मग तो काय करतो ते बघा. परिस्थिती काय आहे ती मोजक्या शब्दांत मांडतो, किंवा ज्याला माहितीये त्याला मांडायला लावतो, आणि मग विचारतो, बोला, काय करता येईल. इंजिनचं जॉर्डीला, माणसांच्या तब्येतीचं डॉक्टर क्रशरना, समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ट्रॉयला, शस्त्रांचं वॉर्फला. स्वतःचं मत बहुतेक वेळा शेवटी, आणि तेही निर्णय म्हणूनच. त्याचं ते फेमस 'मेक इट सो' म्हणजे थोडक्यात, ठरलं, लागा कामाला.

आता हे आपल्याकडे आणा. समजा टेरेसवरची टाकी गळतेय आणि वरच्या मजल्यावर बेडरूमला ओल आलीय. नेहमीची मीटिंग कशी होते माहितीये, सेक्रेटरी काका सुरुवातच करतात की मला वाटतं आपण नवीन टाकीच बसवून टाकू, मग निम्मे लोक काकांच्या बाजूने, निम्मे विरोधात, टाकी राहते बाजूला आणि पार्किंगची जुनी भांडणं उकरून निघतात. त्याऐवजी असं करून बघा:

"टाकी दोन ठिकाणी गळतेय, वरच्या फ्लॅटला ओल आहे, आणि पावसाळा महिन्यावर आलाय. काका, तुम्ही प्लंबरबरोबर वर गेला होतात ना, काय दिसलं? वहिनी, ओल कधीपासून आहे, वाढतेय का? खजिनदार, फंडात आत्ता किती आहेत?"

बास. प्रॉब्लेम सांगितला, मत नाही सांगितलं, आणि "कुणाला काही बोलायचंय का" असं हवेत न विचारता नाव घेऊन, ज्याला जे माहितीये तेच विचारलं. हवेत विचारलेल्या प्रश्नाला नेहमी तेच दोघं-तिघं उत्तर देतात. ऑफिसात यात मी एक भर घालते, सगळ्यात ज्युनियर पोराला आधी विचारायचं, कारण मॅनेजर एकदा बोलला की त्या पोराच्या तोंडून वेगळं काही निघणं कठीण असतं. आणि शेवटी कोण करणार, कधीपर्यंत, हे मोठ्याने बोलायचं: "आधी वॉटरप्रूफिंग करून घेतोय, कोटेशन तुम्ही आणताय, रविवारी परत बसू."

एक फरक मात्र लक्षात ठेवा, पिकार्डच्या मीटिंगमध्ये मतदान नसतं. विचारतो सगळ्यांना, ठरवतो तो, आणि फसलं तर जबाबदारही तोच. सोसायटीत मोठा खर्च असेल तर सर्वसाधारण सभेतच जावं लागतं, तिथे कॅप्टनगिरी चालणार नाही.

वॉर्फचं एक सांगते कारण हे कुणी फारसं बोलत नाही. वॉर्फ सुरक्षा बघतो, त्यामुळे त्याचा सल्ला बऱ्याचदा एकच, शस्त्रं तयार ठेवा, आणि पिकार्ड बहुतेक वेळा तो फेटाळतो. फॅन लोकांत यावर भरपूर जोक आहेत. पण पुढच्या मीटिंगला वॉर्फला परत विचारलं जातं आणि वॉर्फ परत मनापासून सांगतो, हे जास्त महत्त्वाचं आहे. आपल्याकडे ज्याचं दोनदा ऐकलं नाही तो तिसऱ्यांदा "तुम्ही ठरवाल तसं" म्हणून गप्प बसतो, आणि नेमका तिसऱ्यांदा त्याचा मुद्दा बरोबर असतो. त्यामुळे कुणाचं नाकारताना कारण द्या, एक वाक्य पुरतं, आणि पुढच्या वेळी त्याला मुद्दाम विचारा.

नाही म्हणणारा माणूस शेजारी ठेवा

पहिल्याच भागात नवा उपकप्तान रायकर रुजू होतो. पिकार्ड त्याची फाईल काढून बसलेला असतो आणि विचारतो काय, तर आधीच्या जहाजावर तू तुझ्या कॅप्टनला धोक्याच्या ग्रहावर उतरू दिलं नाहीस, असं का? रायकर मागे हटत नाही, कॅप्टनचा जीव सांभाळणं हे माझं काम आहे यावर ठाम राहतो. पिकार्डला नेमकं तेच हवं असतं. मग पुढे तो अजून एक गंमत करतो. म्हणतो, मला लहान मुलांशी वागता येत नाही, आणि या जहाजावर तर मुलंच मुलं आहेत, तर तिथे माझं हसं होणार नाही हे तू बघायचंस.

मला हे जाम आवडतं. आपला वीक पॉइंट लपवण्यात लोक वर्ष घालवतात, याने पहिल्या दिवशी तो सांगून टाकला आणि वर त्याची ड्युटी लावून दिली. करायला सोपं आहे. टीममध्ये एकाला सांगून ठेवा की बाबा रे, मी प्रेशरमध्ये आले की मेल फार तोडून लिहिते, पाठवायच्या आधी तू एक नजर टाकत जा. मंडळाच्या अध्यक्षाने खजिनदाराला सांगावं, मी डेकोरेशनवाल्यासमोर कधीच नाही म्हणू शकत नाही, पैशाचं तू बोल. यात कमीपणा काही नाही, उलट समोरच्याला कळतं की याला बोललेलं चालतं.

रायकर वाद घालतो, पण बहुतेक वेळा कॅप्टनच्या खोलीत, दार बंद करून. बाहेर आला की ठरलं ते ठरलं. हा अलिखित करार तुमच्या नंबर दोनबरोबर एकदा उघड बोलून करून घ्या, गृहीत धरू नका.

याच्या उलट नमुना बघायचा तर सहाव्या सीझनमधला कॅप्टन जेलिको. पिकार्ड काही दिवसांसाठी दुसऱ्या मोहिमेवर जातो आणि हा येतो. आल्या आल्या तीन शिफ्टच्या चार शिफ्ट करा, ट्रॉयने युनिफॉर्म घालून यायचं, इंजिनरूमला वेगळंच टार्गेट. रायकर विभागप्रमुखांशी बोलून येतो आणि सांगतो की चार शिफ्टने लोकांना त्रास होईल, तर जेलिको भडकतो की मी सांगितलेलं अजून झालं कसं नाही. यावर फॅन लोकांत अजून भांडणं चालतात, आणि माझं मत विचाराल तर जेलिको मूर्ख अजिबात नव्हता, युद्ध तोंडावर होतं आणि शेवटी त्याचाच डाव यशस्वी झाला. फक्त नवीन जागी एकाच वेळी चार गोष्टी बदलायच्या आणि का ते सांगायचं नाही, यात माणसं हातची जातात. तुम्ही नवीन लीड म्हणून आला असाल तर पहिल्या महिन्यात एकच गोष्ट बदला, तीही अशी की ज्याचा त्रास टीमला आधीपासूनच होत होता.

घाबरलेल्या माणसाला काम द्या

'डिझास्टर' नावाचा १९९१ चा भाग आहे. शाळेच्या विज्ञान स्पर्धेत जिंकलेल्या तीन मुलांना बक्षीस म्हणून कॅप्टनने स्वतः जहाज दाखवायचं असतं, पिकार्डला आधीच टेन्शन. लिफ्टमध्ये शिरतात आणि जहाजाला जोरदार धक्का बसतो, लिफ्ट अडकते, पिकार्डचा घोटा मोडतो, पोरं रडायला लागतात. ज्या माणसाला मुलांशी बोलता येत नाही तो तीन रडणाऱ्या मुलांबरोबर बंद डब्यात.

आधी तो अवघडतो. मग कॉलरवरचे हुद्द्याचे बिल्ले काढतो आणि मुलांना लावतो. सगळ्यात मोठी मुलगी मरिसा, ती आता नंबर वन. एकजण विज्ञान अधिकारी. सगळ्यात धाकट्याने स्पर्धेत मुळ्यांचा प्रयोग केलेला असतो, तर तो मुळ्यांचा प्रभारी अधिकारी! खरंच असं पद देतो तो. पोरांचं रडं थांबतं कारण आता त्यांना काम आहे. पुढे लिफ्ट कोसळायची वेळ येते, शिडीने वर चढायला हवं, आणि पाय मोडल्यामुळे पिकार्ड म्हणतो, तुम्ही जा, मला सोडा. तर नंबर वन मरिसा कॅप्टनला सरळ नाही म्हणते, सगळे बरोबर जाणार म्हणजे जाणार. मग सगळे दोरीला बांधून घेतात आणि फ्रेंच बालगीत म्हणत वर चढतात.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये हे किती उपयोगी पडतं ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना कळेल. घरातलं कुणी अचानक ॲडमिट झालं की आठ माणसं जमतात, सगळी घाबरलेली, सगळी एकच प्रश्न विचारतात, डॉक्टर काय म्हणाले, आणि जिच्या हातात फाईल असते ती बिचारी आठ वेळा तेच सांगून थकते. "काही होणार नाही, काळजी करू नका" याने कुणीही शांत होत नाही. कामं वाटा. दादा, तू इन्शुरन्सच्या डेस्कला उभा राहा, कार्ड आणि आधारची झेरॉक्स घेऊन. आत्या, गावाकडचे सगळे फोन तुम्ही घ्या, मला कुणी करायचा नाही. कॉलेजच्या पोराला ब्लड बँकेत पाठवा. अगदी काहीच नसेल तर काकूंना चहाचं सांगा, मुळ्यांच्या अधिकाऱ्यासारखं. काम छोटं असलं तरी चालतं, खोटं असलेलं चालत नाही, माणसाला लगेच कळतं की आपल्याला कटवलंय.

चूक कुठे झाली ते शोधताना

हे पटकन सांगते. चौथ्या सीझनमध्ये इंजिनात स्फोट होतो, घातपाताचा संशय येतो, चौकशीला एक नावाजलेली ॲडमिरल येते. मग कळतं की स्फोट साधा अपघात होता, पार्टच खराब होता. इथे चौकशी थांबायला हवी ना? थांबत नाही. एका ज्युनियर कर्मचाऱ्याने आपल्या आजोबांबद्दल फॉर्ममध्ये खोटं लिहिलेलं सापडतं आणि त्याच्यावरून सगळं पुन्हा सुरू होतं. पिकार्ड काय करतो, त्या पोराला आपल्या खोलीत बोलावतो, चहा देतो आणि विचारतो, तू कुठला, इथे कसा आलास.

प्रॉडक्शनमध्ये काही फुटलं की आधी काय फुटलं ते शोधा, कुणी फोडलं ते नंतर, आणि कारण सापडलं की विषय बंद. त्या निमित्ताने कुणाच्या लेट मार्कपासून वर्क फ्रॉम होमपर्यंत सगळं उकरायचं नाही. ज्याच्यावर बोट आहे त्याच्याशी ग्रुपवर नाही, समोर बसून बोला.

चूक नसताना हरणं

आता लवचिकपणाकडे येते, कारण खरं तर पिकार्डकडून मला जे घ्यावंसं वाटतं ते सगळ्यात जास्त इथे आहे.

दुसऱ्या सीझनमध्ये डेटा, म्हणजे जहाजावरचा यंत्रमानव, एका खेळात एका पाहुण्याकडून हरतो. यंत्र हरूच कसं शकतं, तर नक्की माझ्यात बिघाड आहे असं धरून तो स्वतःला तपासतच बसतो, तपासणीत काही सापडत नाही, तरी ड्युटीवर यायला तयार नाही. पिकार्ड त्याच्याकडे जातो आणि सांगतो त्याचा अर्थ एवढाच, की एकही चूक न करता माणूस हरू शकतो, त्याला कमजोरी म्हणत नाहीत, आयुष्य असंच असतं. आणि मग महत्त्वाचं, सांत्वन करत बसत नाही. युद्धसरावात मला तुझी उपकप्तान म्हणून गरज आहे, चल. नंतर डेटा तोच खेळ परत खेळतो, या वेळी जिंकायला नाही तर बरोबरीत ठेवायला, आणि समोरचा चिडून उठून जातो.

टेंडर दोन रुपयांनी जातं, इंटरव्ह्यू उत्तम होऊन आतला माणूस घेतला जातो, बेल कर्व्हमध्ये रेटिंग खाली ढकललं जातं. अशा वेळी टीममधल्या माणसाला "पुढच्या वेळी अजून मेहनत कर" म्हणू नका, त्याला वाटतं आपलंच काहीतरी राहिलं. त्याच्याबरोबर बसून एकदा, फक्त एकदाच, सगळं तपासा. चूक सापडली तर दुरुस्त करा. नाही सापडली तर स्पष्ट म्हणा की तुझी चूक नव्हती, आणि त्याच आठवड्यात त्याला खरं, वजनदार काम द्या. शब्दांपेक्षा त्या कामावर त्याचा विश्वास बसतो.

प्रवेश परीक्षेत आपटलेलं पोर घरात असेल तर अजून एक. पिकार्ड स्वतः ॲकॅडमीच्या, म्हणजे अंतराळ दलाच्या प्रशिक्षण संस्थेच्या, प्रवेश परीक्षेत पहिल्या वेळी नापास झालेला असतो, आणि वेस्ली नावाचा पोरगा नापास होतो तेव्हा तो हे त्याला सांगतो. निकालाच्या दिवशी शेजारच्याच्या मुलाचे मार्क सांगण्यापेक्षा हे बरं.

मोडून पडल्यावर

आता मोठी गोष्ट. १९९० मध्ये, तिसऱ्या सीझनच्या शेवटी, बोर्ग नावाचे शत्रू पिकार्डला पकडतात, त्याच्या शरीरात यंत्रं घालून त्याला स्वतःसारखं करतात आणि त्याच्याच डोक्यातली माहिती वापरून त्याच्याच लोकांची ३९ जहाजं उडवतात. जवळपास ११ हजार माणसं मरतात. पुढच्या भागात त्याची सुटका होते. साधारण सिरीयलमध्ये काय झालं असतं, पुढच्या आठवड्यात नवा ग्रह, नवं संकट, हिरो फ्रेश. इथे पुढचा अख्खा भाग तो घरी जातो. जवळपास वीस वर्षांनी फ्रान्समधल्या गावी, मोठ्या भावाच्या द्राक्षमळ्यात. भाऊ म्हणजे खडूस माणूस, दोघांचं लहानपणापासून पटत नाही. वरून सगळं ठीक दाखवणारा पिकार्ड समुद्रातल्या एका प्रोजेक्टची नोकरी घेऊन जहाज सोडायच्या विचारात असतो. आणि एक दिवस मळ्यात दोघांची चक्क हातघाई होते, चिखलात लोळतात, आधी हसू फुटतं आणि मग पिकार्ड ढसाढसा रडतो, की मी त्यांना थांबवू शकलो नाही, मी पुरा पडलो नाही. भाऊ जवळ घेऊन "होईल ठीक" वगैरे काही म्हणत नाही. तो म्हणतो हे तुझ्याबरोबर खूप काळ राहणार आहे, तुला त्याच्यासकट जगायला शिकायचंय, आता ते समुद्राखाली शिकायचं की जहाजावर, ते तू ठरव.

यातून करण्यासारखं काय? आपल्याकडे कुणी गेलं की तेराव्याला घरातल्या कर्त्या माणसाच्या पाठीवर हात ठेवून सगळे एकच म्हणतात, आता तूच खंबीर राहायला हवंस. आणि चौदाव्या दिवशी तो माणूस लॉगिन करतो. तर पहिलं, मोठा धक्का बसल्यावर लगेच नोकरी सोडणं, घर विकणं, गावी परत जाणं असले निर्णय घेऊ नका, पिकार्डची समुद्रातली नोकरी आठवा. ते पळणं असतं, आणि त्या वेळी ते पळणं आहे हे कळत नाही. दुसरं, ज्याच्यापुढे तुमचा हुद्दा चालत नाही असा एक माणूस शोधा. टीमपुढे तुम्ही लीड, मुलांपुढे आई-बाप. भाऊ, बहीण, शाळेतली मैत्रीण, जिला तुम्ही 'मॅडम' असण्याचं काही कौतुक नाही, तिथे जा. त्याने गोड बोलायला हवं असंही नाही. आणि तुम्ही वरिष्ठ असाल तर तुमच्या माणसाला रजा "लागली तर घे" म्हणून देऊ नका, कारण तो घेणार नाही. तारखा टाकून द्या, परत आल्यावर पहिला आठवडा हलका ठेवा, आणि हे बाकीच्या टीमला तुम्हीच सांगा, त्याला सांगायला लावू नका.

दोन वर्षांनी पिकार्ड परत सापडतो, या वेळी कार्डेशियन नावाच्या दुसऱ्या शत्रूंच्या कैदेत. त्याचा छळ चालतो आणि समोर चार दिवे असताना पाच आहेत म्हण, एवढीच मागणी. तो शेवटपर्यंत ओरडून चारच म्हणतो, हा सीन फार गाजलेला आहे, त्याचे मीम्स पण आहेत. पण मीम बनवणारे त्यानंतरचे दोन मिनिटं विसरतात. जहाजावर परत आल्यावर तो ट्रॉयला सांगतो की रिपोर्टमध्ये मी एक लिहिलं नाही. शेवटी मी काहीही म्हणायला तयार होतो. आणि त्याहून वाईट म्हणजे मला खरंच पाच दिवे दिसायला लागले होते.

मला वाटतं याला हिंमत लागते, ओरडण्यापेक्षा जास्त. रिपोर्ट एक असतो आणि खरं काय झालं ते वेगळं असतं, आणि ते वेगळं निदान एका माणसाला सांगायचं. ट्रॉय ही जहाजाची काउन्सेलर आहे, म्हणजे हे ज्याचं काम आहे असा माणूस, आणि तिची खुर्ची थेट कॅप्टनच्या शेजारी आहे, हेही बघून ठेवा. आपल्याकडे अजून लोक काउन्सेलरकडे लपून जातात. जवळ कुणी नसेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फोनवर बोलता येतं.

आणि बरं झालं म्हणजे संपलं असं नसतं. १९९६ च्या सिनेमात, म्हणजे सहा वर्षांनी, बोर्ग परत येतात आणि इतका शांत पिकार्ड पार बिथरतो. जहाज उडवून देऊन माणसं वाचवायची सोडून लढतच बसायचं म्हणतो, आणि वॉर्फ विरोध करतो तर त्याला सगळ्यांसमोर भित्रा म्हणतो. त्याच्या हाताखालचं कुणीच पुढे बोलत नाही. बोलते ती लिली नावाची बाहेरची बाई, तोंडावर सांगते की तू सूड घेतोयस, तो चिडून काचेचं कपाट फोडतो, आणि तेव्हा कुठे भानावर येतो. मग जहाज सोडायचा हुकूम देतो आणि वॉर्फजवळ जाऊन म्हणतो, तुझ्याइतका शूर माणूस मी बघितला नाही, जे बोललो त्याचं मला वाईट वाटतंय.

तर आपली जुनी जखम कुठे आहे ते माहिती असू द्या. एकदा फसवल्या गेलेल्या माणसाला प्रत्येक व्हेंडर चोर दिसतो, ज्या मॅनेजरची पूर्वी नोकरी गेलीय तो रिऑर्गच्या, म्हणजे कंपनीतल्या फेररचनेच्या, प्रत्येक मेलला दचकतो. त्या विषयावरचा निर्णय एकट्याने घेऊ नका, बाहेरच्या कुणाला तरी दाखवा. आणि बोलून गेलात तर माफी मागताना 'टेन्शनमध्ये होतो' ही पुरवणी जोडू नका, पिकार्डने जोडली नाही.

कॉन्फिडन्सचं नाटक

सातव्या सीझनच्या एका भागात पिकार्ड आणि डॉक्टर क्रशर यांना एकमेकांचे विचार ऐकू यायला लागतात. दोघं रानात वाट शोधत असतात, पिकार्ड रुबाबात म्हणतो इकडून, आणि डॉक्टरना ऐकू येतं की याला काहीच माहिती नाहीये, हा अंदाजपंचे चाललाय! त्या हसतात, विचारतात नेहमी असंच करतोस का. तो म्हणतो नेहमी नाही, पण कधी कधी कॅप्टनने खात्री असल्यासारखं दिसणं गरजेचं असतं.

हे चालतं, पण जिथे दोन्ही वाटा सारख्याच आहेत आणि नुसतं उभं राहण्यात जास्त तोटा आहे तिथेच. ट्रेकला फाटा चुकलात, अंधार पडतोय, तिथे चला. डेडलाईन जाणार हे माहिती असताना क्लायंटला होईल म्हणून सांगणं यात बसत नाही, आणि पगार होणार की नाही याबद्दल तर अजिबातच नाही.

जे सोडून द्यायचं

पिकार्ड माणसांपासून फार लांब राहतो. त्याचे अधिकारी दर थोड्या दिवसांनी पत्ते खेळायला बसतात, हा सात वर्षांत एकदाही जात नाही. शेवटच्या भागात पहिल्यांदा जातो, म्हणतो हे मी आधीच करायला हवं होतं, ट्रॉय म्हणते तुम्हाला कुणी अडवलं नव्हतं. सात वर्षं थांबू नका. मात्र रोज टीमबरोबर पार्टी पण नको, बॉस समोर असला की लोकांना बॉसबद्दल बोलता येत नाही आणि तो त्यांचा हक्क आहे. अधूनमधून या, लवकर निघा.

बघायचं असेल तर कुठून सुरुवात करायची असं नेहमी विचारतात. पहिला सीझन सरळ सोडा, कच्चा आहे, निम्मे लोक तिथेच कंटाळून बंद करतात. दुसऱ्या सीझनमधला 'द मेझर ऑफ अ मॅन' बघा, डेटा हा माणूस की वस्तू यावर खटला आहे आणि बिचाऱ्या रायकरलाच डेटाच्या विरोधात उभं राहावं लागतं. मग 'द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स'चे दोन्ही भाग आणि लगेच 'फॅमिली', हे तिन्ही सलगच, मागचे दोन न बघता चिखलातला सीन पाहिलात तर काहीच वाटणार नाही. 'डिझास्टर' मुलांबरोबर बघा, त्यांना मुळ्यांचा अधिकारी आवडतोच. 'चेन ऑफ कमांड' मात्र मुलं झोपल्यावर, त्याच्या दुसऱ्या भागातले छळाचे सीन मोठ्यांनाही जड जातात.